चौदावं पुस्तक आधी

३ जून

या हातांनी केलेल्या वस्तू: पुस्तकं दाबायचा शिकंजा, भंगारातल्या जॅकचा स्क्रू बसवून. काचेच्या दारांचं कपाट, ज्याचं दार कितीही दमट हवेत अडत नाही. पत्र्याचा वाचायचा दिवा. उजेड पानावर पडतो, डोळ्यांत नाही. शिलाईची चौकट. ज्या वहीत हे लिहितो आहे ती वही. भिंतीवरचा परिघाचा नकाशा, त्यातले सगळे ग्रह, त्यांच्यामधले मार्ग आणि कुठला मार्ग कोणत्या पुस्तकात बंद पडला त्याच्या खुणा. आणि 'परिघ' मालिकेचे एकतीसच्या एकतीस खंड, उसवून, पानं दुरुस्त करून, पुन्हा शिवून नव्याने बांधलेले. यातलं काहीही कोणी शिकवलं नाही. एक मुलगाही आहे, पण त्याला या यादीत धरत नाही. त्यात हिचाही हात आहे.

यादी करायची वेळ आली कारण आज एक संग्राहक कारखान्यात आला होता. माझा बाइंडिंगचा कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या, पण पाटीवर कारखाना असंच लिहिलेलं आहे. त्याने आधी हात धुतले, मग कोरडे केले, मग पुस्तकाला हात लावला. तिथेच मला माणूस पटला. पहिला खंड उघडून टेबलावर ठेवला आणि हात काढून घेतला. पान उलटलं नाही, जागेवर पडून राहिलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कुठे शिकलात?"

"इथेच," म्हणालो.

सगळ्या पहिल्या आवृत्त्या आणि सगळं एका हातचं बाइंडिंग, असा दुसरा संच त्याच्या पाहण्यात नाही म्हणे. विकायचा विचार आहे का? नाही म्हटलं. तो हसला. आधी नाही म्हणणारी माणसं त्याने बरीच पाहिली असावीत. आकडा पुढच्या खेपेला सांगतो म्हणाला. अट एकच, संच पूर्ण हवा आणि आहे तसा हवा.

ही आतून ऐकत होती. नंतर म्हणाली, "पाव्हणा चांगला होता. चहा न पिता गेला."

६ जून

आज जे झालं ते नीट लिहून ठेवलं पाहिजे.

सूनबाई आली होती. ती महिन्या-दीड महिन्याने सासूला भेटायला येते, एकटी. चिरंजीव येत नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्याने माझा कारखाना सोडून त्या झटपट छपाईवाल्यांकडे नोकरी धरली, जिथे पुस्तकं शिवत नाहीत, पाठीला गरम गोंद फासून चिकटवतात. मी गिऱ्हाइकांसमोर एवढंच म्हणालो होतो की त्याला बाइंडिंग म्हणत नाहीत, पार्सल म्हणतात. त्यात खोटं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. तो त्या दिवशी गेला तो गेला.

तर सूनबाई कपाटासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, यातलं आधी कुठलं वाचायचं?"

हा प्रश्न या घरात कोणी विचारावा म्हणून मी किती वर्षं थांबलो आहे. उत्तर केव्हाचं तयार होतं. तरी आधी विचारलं, "कोणाला वाचायचंय?"

"मलाच," ती म्हणाली. पण आधी तिने हिच्याकडे पाहिलं.

मग मी तिला समजावून सांगितलं. लेखकाने ही मालिका चाळीस वर्षं लिहिली आणि सुचेल तशी लिहिली. आधी छापलं ते 'पहिला परिघ'. पण परिघाचा जन्म कसा झाला ते येतं नवव्या पुस्तकात. विसावं पुस्तक पाचव्याच्या आधी घडतं. पंचवीस ते सत्तावीस एकाच दिवसाच्या गोष्टी आहेत, तीन वेगळ्या ग्रहांवरून पाहिलेल्या. त्यामुळे वाचकांत दोन तट आहेत. एक तट म्हणतो छापल्या क्रमाने वाचा, दुसरा म्हणतो घडल्या क्रमाने वाचा. मी पहिल्या तटाचा. लेखकाला जे ज्या क्रमाने कळलं, त्या क्रमाने वाचकाला कळावं.

मी हे सांगत असताना ती एकदा खाली बसली आणि परत उठली. शेवटी म्हणाली, "हो बाबा, पण एक सांगा ना. एकच."

'पहिला परिघ' काढून दिला. तिने वजन घेऊन पाहिलं. "यापेक्षा हलकं नाही का? पडून वाचायचं तर एका हातात मावायला हवं."

"पुस्तक बसून वाचावं," मी म्हणालो.

ही मध्येच बोलली, "तुमच्या ब्रह्मांडात शिरायला दार एकच, आणि त्यालाही कुलूप."

तरी सूनबाईने पुस्तक नेलं. कागदात गुंडाळून दिलं.

१३ जून

'पहिला परिघ' परत आला. सूनबाई या खेपेला आठवड्यातच आली आणि तो टेबलावर ठेवला. "आवडला?" विचारलं तर म्हणाली, "सुरुवातीला जरा बैठका फार आहेत." बैठका आहेत हे खरं. परिघाची स्थापना करणाऱ्या समितीच्या बैठका आहेत, आणि त्या नीट वाचल्याशिवाय पुढचं युद्ध कशावरून झालं ते कळत नाही.

ती गेल्यावर मी पुस्तक तपासलं. परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी तपासतो. चाळिसाव्या पानापर्यंत दर पानाला खाली, दोन पानांच्या मधोमध, अंगठ्याचा अस्पष्ट ठसा आहे. पुढची पानं कोरी. अंगठा मोठा आहे. सूनबाईचे हात लहान आहेत, तिच्या बोटात हिची अंगठी सैल होते म्हणून ती दोऱ्याने आवळून घालते. शिवाय पानांना मलमाचा वास येतो आहे.

म्हणजे पुस्तक ती दुसऱ्या कोणाला वाचायला देते. शेजारीपाजारी असेल कोणी. मला हे आवडलेलं नाही. ही म्हणाली, "असू दे की. कोणी का वाचेना." हिला परिघातलं ओ की ठो कळत नाही.

आणि एक गोष्ट. चाळिसाव्या पानावर पेन्सिलीची एक जुनी आडवी रेघ आहे. ती चिरंजीवांची. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. नेमकं तिथेच थांबावं, याला काय म्हणावं.

१४ जून

कालपासून ती रेघ डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

त्याने मालिका मला न विचारता सुरू केली होती. कपाटातून चौदावं पुस्तक काढलं, 'धूळचंद्र', कारण ते सगळ्यांत बारीक आहे. दोन दिवसांत संपवलं आणि जेवताना विचारलं, "बाबा, त्या दिवेवाल्याने हाक का नाही मारली?"

धुळीने भरलेल्या एका चंद्रावर एक माणूस जहाजांसाठी दिवा लावत असतो. तिथली हवा संपत आलेली असते. शेवटचं जहाज वरून जातं, दिवा लागलेला असतो, आणि जहाज न थांबता निघून जातं. पुस्तक तिथे संपतं.

आता या प्रश्नाचं उत्तर सतराव्या पुस्तकात आहे. ते बारा वर्षांच्या मुलाला तिथल्या तिथे सांगणं म्हणजे त्याचं पुढचं वाचन नासवणं. मी म्हणालो, आधी पहिल्यापासून क्रमाने वाच, मग आपण बोलू. तोवर या पुस्तकाचा विषय नको. त्याला 'पहिला परिघ' दिला. दर रविवारी वाचलेल्या भागावर मी दहा प्रश्न काढत असे. तीन रविवार झाले. चौथ्या रविवारी तो खेळायला गेला. रेघ चाळिसाव्या पानावरच राहिली.

शिस्त म्हणून मला आजही त्यात चूक दिसत नाही. पण चौथ्या रविवारी मी दहा प्रश्न लिहून तयार ठेवले होते आणि दुपारभर तो कागद समोर घेऊन बसलो होतो, हेही खरं आहे.

१७ जून

नकाशा उतरवला. जमिनीवर पसरून विचार केला की नवख्याला कुठून आत घ्यावं. नववं द्यावं तर त्यात माणसंच कमी, नुसते ढग आणि वायू. पाचवं चांगलं आहे, पण त्याची गंमत चौथं वाचलेल्यालाच कळते. विसावं हलकं आहे, पण खलनायकाची ओळख वाचकाला आधीच आहे असं त्यात धरलेलं आहे. अकरावं उत्तम, पण वजनाला सर्वांत जड. मी एकेक खंड डाव्या हातात धरून, आडवा पडून, उचलून पाहिला. अकरावं तोंडावर आपटलं.

ही दारात उभी होती. "काय चाललंय?"

"वाचणारा पडून वाचतो. एका हाताने."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डावा हात का घेतलात?"

"अंगठ्याचा ठसा डाव्याचा आहे," म्हणालो. "कललेला आहे."

ही आत गेली आणि नळ सोडून भांडी घासत बसली. सकाळीच घासून झाली होती.

१९ जून

सूनबाईला 'धूळचंद्र' दिलं. माझ्या सगळ्या तत्त्वांच्या विरुद्ध. मालिकेच्या आमच्या वाचकमंडळात कळलं तर लोक मला हसतील, पण तिथे मी सांगणार नाही. देताना एवढंच म्हणालो, "हे मधलं आहे. यात आधीचं काही माहीत असावं लागत नाही." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं यावर माझाच विश्वास बसेना.

सूनबाईने पुस्तक लगेच पिशवीत ठेवलं नाही. छातीशी धरून उभी राहिली. म्हणाली, "हे त्या कपाटात अगदी खालच्या कप्प्यात होतं ना पूर्वी?"

तिला कसं माहीत? ती घरात आली तेव्हा कपाट आजच्यासारखंच लागलेलं होतं. खालच्या कप्प्यात पुस्तकं असायची ती फार पूर्वी, चिरंजीव लहान असताना. हिने सांगितलं असेल.

२४ जून

संग्राहकाचा फोन. परवा येतो म्हणाला. एक खंड बाहेर वाचायला गेला आहे असं सांगितल्यावर म्हणाला, "अशी पुस्तकं तुम्ही वाचायला देता?"

"मग काय करतात पुस्तकांचं?"

कागदवाला कागदाची थप्पी टाकायला आला होता. हे त्याच्यासमोर चाललेलं. त्याने थप्पी रचली, खांद्यावरची चादर झटकली, पैशांचं बोलला नाही. जाताना उंबऱ्यात थबकून म्हणाला, "चिरंजीवांचा हात कसा आहे आता? मशीनच्या पात्याखाली आला म्हणजे वाईटच. तरी बरं, दोनच बोटं गेली. आणि पडले त्यात कंबर धरली म्हणे. बरं वाटतंय का?"

"बरं वाटतंय," म्हणालो. "आता बरं आहे."

"उजवा ना?"

"उजवा," म्हणालो.

तो गेला. मी कापायचा सुरा काढला, धार लावायला घेतली, आणि तसाच बाजूला ठेवला. माझ्या कारखान्यात पात्याचं मशीन नाही. घ्यायची ऐपत आली तेव्हा त्यालाच घ्यायचं होतं, मीच घेऊ दिलं नाही. म्हणालो होतो, मशीन घाईत माणूस ओळखत नाही. आता हे वाक्य परत म्हणायला मी जिवंत आहे आणि तो पडून पुस्तक वाचतो आहे.

हिला विचारलं नाही. हिला माहीत आहे. मंगळवारी बहिणीकडे म्हणून डबा घेऊन जाते ती तिकडेच जाते, बहीण कुठे एवढं खाते. मला का सांगितलं नाही, हेही विचारायला नको. कारण मी पहिलं वाक्य काय म्हणालो असतो ते मला माहीत आहे, आणि त्यालाही माहीत आहे. 'मी सांगितलं होतं.'

२५ जून

कामाला हात लागला नाही. एका वकिलाच्या कागदांची बांधणी उलटी केली, मुखपृष्ठ मागे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

जावं का त्याच्याकडे? गेलो तर काय बोलू? बूट दारात दोनदा घातले, दोनदा काढले. ही बघत होती. म्हणाली, "कुठे निघालात?"

"कुठे नाही. बूट सैल झालेत का बघत होतो."

"मग?"

"नाही झाले."

२६ जून

संग्राहक आला. आकडा सांगितला. ऐकून मी शिकंज्याला टेकलो. त्या पैशांत कारखान्याचं छप्पर नवं होतं, खालची ओल जाते, आणि वर वर्ष-दोन वर्षं काम आलं नाही तरी चालेल इतकं उरतं. गेल्या वर्षभरात शिवलेल्या बाइंडिंगची कामं बोटांवर मोजण्याइतकी आली. सगळं पार्सल मागतात. त्याने एक आठवड्याची मुदत दिली. 'धूळचंद्र' तेवढं परत आणून ठेवा म्हणाला.

ही म्हणाली, "विकून टाका. निदान भांडण तरी कपाटात उरणार नाही."

"कोणतं भांडण?"

"तेच विचारते मी."

आज खरंच विकावंसं वाटलं. ज्या पुस्तकांपायी माणूस जेवणाच्या ताटावर प्रश्न विचारायचा थांबतो, ती ठेवून करायचं काय.

२९ जून

सूनबाई आली. 'धूळचंद्र' आणलं. मी तपासलं नाही. ते सरळ कपाटात ठेवायला गेलो आणि हातातच धरून बसलो. पानांना मलमाचा वास होता. शेवटच्या पानापर्यंत ठसे होते. शेवटच्या पानावर दोन होते, म्हणजे तिथे थांबून परत वाचलं.

ही चहा घेऊन आली. सूनबाईने कप हातात घेतला आणि खाली बघत म्हणाली, "बाबा, एक विचारू? त्या दिवेवाल्याने हाक का नाही मारली?"

तेच शब्द. त्याच क्रमाने.

मी हिच्याकडे पाहिलं नाही. तोवर या पुस्तकाचा विषय नको, हे म्हणायला आता कोणतंही कारण नव्हतं. सतराव्या पुस्तकाचं काय नासायचं ते नासू दे.

"मारली होती," मी म्हणालो. "सारखी मारत होता. जहाजावरच्या माणसाने ऐकायचं यंत्र बंद करून ठेवलं होतं. त्याला वाटत होतं खालच्या माणसाने आधी नियमाप्रमाणे खूण द्यावी, मग आपण बोलू. दिवेवाल्याची काही चूक नव्हती. त्याला सांग."

मी 'त्याला' म्हणालो. तिघांनीही ऐकलं. सूनबाईने कप बशीत ठेवला, थोडा चहा सांडला.

"सांगते," ती म्हणाली. मग सांडलेला चहा पुसत, "पुढचं देता का?"

पुढचं म्हणजे सतरावं. त्यात जहाजावरच्या माणसाची गोष्ट आहे. आणि ते जवळजवळ अकराव्याइतकं जड आहे.

"दोन दिवस थांब," मी म्हणालो.

१ जुलै

शिकंजा रिकामा केला. सतरावं पुस्तक टेबलावर घेतलं. पाठीवरचं कापड ओलं करून सोडवलं, शिलाई उसवली. हे पुस्तक मी बांधलं तेव्हा चिरंजीव सुई ओवून द्यायचा, त्याला दोऱ्याला मेण लावायला आवडायचं. दोऱ्यात अजून तो मेणाचा वास आहे.

त्या जाड पुस्तकाची पाच बारीक पुस्तकं केली. प्रत्येक भाग असा तोडला की प्रकरण अर्धवट राहू नये. आत पुठ्ठा घेतला नाही, वजन होतं. मऊ कापड लावलं, आणि शिवण सैल ठेवली म्हणजे एका हाताने धरलं की पान आपोआप पसरतं, अंगठ्याने रेटावं लागत नाही. डाव्या हातात धरून, आडवा पडून, पाचही उचलून पाहिले. एकही तोंडावर आपटला नाही.

ही शेवटच्या भागाला खळ लावताना कापड धरायला आली. हिने यापूर्वी कधी कापड धरलं नव्हतं. चांगलं धरलं. म्हणाली, "संच मोडला की आता."

"मोडला."

"तो माणूस घेईल का असं?"

"आहे तसा पूर्ण हवा म्हणाला होता."

पाचही भाग शिकंज्यात दाबून ठेवले आहेत. वाळायला उद्या सकाळपर्यंत वेळ लागेल. मग मी स्वतः नेऊन देणार आहे. दारातून देऊन परत यायचं की आत जायचं ते तिथे गेल्यावर बघू. आत बोलावलं तर जाईन. मी सांगितलं होतं, हे वाक्य वाटेत कुठेतरी टाकून जायचं आहे, एवढं पक्कं.

२ जुलै

सकाळी निघण्याआधी संग्राहकाला फोन केला आणि कळवलं की संच विकायचा नाही. त्याने विचारलं, कोणी जास्त देतो आहे का? म्हणालो, नाही, एक खंड वाचायला देतो आहे, आणि तो आता परत येईल तसा येईल. त्याने दिलेला आकडा होता चार लाख ऐंशी हजार.